चिंचवड नावाचे गाव: तीन वाचने आणि एक राहिलेला हिशेब



मागच्या व्याख्यानात आपण कॅरिबियन बेटांवरच्या जुन्या बंदरगावांविषयी बोललो होतो. त्यानंतर एका श्रोत्याने आम्हाला कळवले, "सर, पोर्ट ऑफ स्पेन झालं, अँटिग्वा झालं, आता जरा चिंचवडवर पण या की!" सूचना रास्त आहे. आम्ही स्वतः गेली चाळीसेक वर्षे या गावात राहतो. तेव्हा आजचा विषय चिंचवड. चिंचवडचा इतिहास सांगायला मात्र आम्ही आलेलो नाही. तो सांगणारे जाणकार इथे पुष्कळ आहेत. चिंचवडचा इतिहास आजवर कसा सांगितला गेला आणि त्या सांगण्यात काय राहून गेले, हे आपण तपासणार आहोत. म्हणजे हे गावाचे वर्णन नव्हे, गावाच्या वर्णनांची समीक्षा आहे.

मागच्या वेळचा एक धागा आधी हातात घेऊ. नायपॉल यांनी १९६९ साली 'द लॉस ऑफ एल डोराडो' या पुस्तकात त्रिनिदादचा इतिहास लिहिला. ते स्वतः त्या बेटावर वाढलेले. त्यांना काय आढळले? जगाच्या दफ्तरात या बेटाचे नाव उमटते ते बाहेरच्या कोणाला तिथून काही हवे असते तेव्हा, कधी सोन्याच्या नगरीची वाट, कधी सत्ता. मधली वर्षे कोरी. जमेका किंकेड यांनी १९८८ साली 'अ स्मॉल प्लेस' लिहिले, तेव्हा त्यांनी थेट पर्यटकालाच समोर बसवून विचारले, की तू आमचे गाव पाहतोस म्हणजे नेमके काय पाहतोस? हे दोन प्रश्न आपण चिंचवडला लावून बघू. चिंचवड दफ्तरात केव्हा येते? आणि जो येऊन पाहतो, त्याला काय दिसत नाही?

आता बघा. चिंचवडची मुख्यतः तीन वाचने प्रचलित आहेत. पहिले, देवाचे गाव. दुसरे, क्रांतिकारकांचे गाव. तिसरे, कारखान्यांचे गाव. एकेक घेऊ.

पहिले वाचन मोरया गोसावींचे. पवनेच्या काठी त्यांची संजीवन समाधी आहे, गावात मंगलमूर्ती वाडा आहे. 'गणपती बाप्पा मोरया' या घोषातला 'मोरया' तो हाच, असे परंपरा मानते. मोरया गोसावींच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी त्यांना चौदाव्या शतकापर्यंत मागे नेतात, कोणी सतराव्या शतकात आणतात. समाधिमंदिराच्या बांधकामाचा शिलालेख मात्र शके १५८० सांगतो, म्हणजे १६५८-५९. त्यानंतरच्या देव घराण्यात सात पिढ्या गणपतीचा अंश राहील, अशी श्रद्धा होती.

या श्रद्धेनेच चिंचवडला इंग्रजी दफ्तरात आणले. एडवर्ड मूर नावाचा कंपनी सरकारच्या फौजेतला कप्तान १८०० च्या सुमारास इथे आला. त्याचा लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात छापला गेला. त्याच्या मथळ्याचा अर्थ साधारण असा, की पुण्याचे ब्राह्मण ज्याची भक्ती करतात अशा एका वंशपरंपरागत जिवंत देवाची हकीकत. मूर चौकस होता, टवाळ नव्हता. हाच मूर पुढे १८१० मध्ये हिंदू देवदेवतांवर मोठा ग्रंथ लिहितो. पण त्याच्या लेखात गाव कुठे आहे? गाव म्हणजे देवाभोवतीची रिकामी जागा. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम येऊन गेल्या. त्यांची रोजनिशी १८१२ मध्ये छापली गेली. त्यांना गाव अस्वच्छ वाटले आणि देवाच्या उत्पन्नावर पोसलेले ब्राह्मण नजरेत भरले. दोघांचे डोळे वेगळे. एकाला आश्चर्य दिसले, दुसरीला ढोंग. पण दोघेही पाहत होते एकाच वाड्याकडे. शेजारच्या आळीत कोण राहते, नदीवर कपडे कोण धुते, वाड्यातले धान्य कुठून येते, हे दोघांनीही विचारले नाही. हीच सामग्री पुढे १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये गेली आणि तिथून आपल्या मराठी पुस्तिकांत आली. गंमत अशी की परक्याचा उपहास गाळून आपण त्याच जागी भक्ती भरली. चौकट तशीच ठेवली.

दुसरे वाचन चापेकरांचे. दामोदर हरी चापेकर यांचा जन्म १८६९ मध्ये चिंचवडचा. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत शिरलेल्या सोजिरांच्या जुलमाचा तो सूड होता. दामोदर १८ एप्रिल १८९८ ला फासावर गेले. वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण १८९९ च्या मे महिन्यात, पाच दिवसांच्या आत. एका घरातले तीन मुलगे. आज वाड्याचे जतन झाले आहे, चौकात पुतळे आहेत. तिथून जाताना आमचा हात आजही आपोआप जोडला जातो.

पण समीक्षा करायची तर ती इथेही केली पाहिजे. दामोदरपंतांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. ते किती जणांनी वाचले आहे? पुतळा आपल्याला गोळी सांगतो. आत्मवृत्त माणूस सांगते. वडील हरिभाऊ कीर्तनकार, मुले त्यांच्यामागे साथीला, गावोगाव हिंडणे, पैशाची ओढाताण. इंग्रजांवर राग आहेच, पण सुधारकांवरही तितकाच कडवा राग आहे. तो आज वाचताना आपल्याला अडचणीत टाकतो. आणि आमचे म्हणणे असे, की अडचणीत पडलेच पाहिजे! ज्या माणसाचे धैर्य आपल्याला मान्य आहे आणि ज्याचे सामाजिक विचार मान्य नाहीत, त्याच्यासमोर उभे राहायला आपण शिकलो नाही तर इतिहास म्हणजे नुसते हारतुरे उरतील. पुन्हा एक गोष्ट लक्षात घ्या. या घराचे आयुष्य चिंचवड ते पुणे आणि पुढे कीर्तनाच्या वाटांवर गेले. घटना घडली ती पुण्यात. चिंचवड या कथेत जन्मस्थान म्हणून येते आणि लगेच बाजूला होते.

तिसरे वाचन तर आपल्या रोजच्या ओळखीचे. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी झाली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि पेनिसिलीन इथे बनू लागले. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर. हे वाचन आकड्यांचे आहे आणि त्याचा सूर नेहमी एकच असतो: इथे माळरान होते, ओसाड होते, मग उद्योग आले आणि नगरी उभी राहिली. 'ओसाड' हा शब्द जरा तपासा, मंडळी. भोसरी, आकुर्डी, निगडी इथे बाजरी-ज्वारी पिकत होती, माणसे घरे करून राहत होती. जमीन घेणाऱ्याला जमीन नेहमीच ओसाड दिसते. ज्यांच्या जमिनी प्राधिकरणात गेल्या, त्यांच्या घरांत 'साडेबारा टक्के परतावा' हा शब्दप्रयोग नातवंडांनाही पाठ आहे. आणि याच नगरीतल्या टेल्कोच्या कामगारांनी १९८९ मध्ये शनिवारवाड्यावर उपोषण मांडले होते, तेही विकासाच्या चित्रफितीत सहसा नसते.

तर अशी ही तीन वाचने. त्यांच्यावर आमचा मुख्य आक्षेप असा की ती एकमेकांना भेटतच नाहीत. देवाच्या गावात कामगार नाही. क्रांतिकारकांच्या गावात शेतकरी नाही. कारखान्यांच्या गावात तर गावच नाही!

इथे आम्हाला आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही नोकरीनिमित्त इथे आलो. चिंचवडगावात, देवळापासून हाकेच्या अंतरावर एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहाटे घंटेचा आवाज, संध्याकाळी घाटावर फेरफटका. दहा-बारा वर्षांत वाडे पडू लागले, त्यांच्या जागी इमारती आल्या. तेव्हा आम्ही एका दिवाळी अंकात लेख लिहिला, गाव हरवल्याचा. भाषा हळवी होती, आणि खरे सांगायचे तर आमचीच आम्हाला आवडली होती. लेख आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी वाचला. ते फिटर होते. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेले. रस्त्यात भेटले, नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, लेख वाचला. छान आहे. पण एक विचारू का? गाव जर हरवलं, तर मग आम्ही कुठं राहतोय?"

आम्ही त्यांना काहीतरी उत्तर दिले, प्राध्यापकी थाटाचे. ते हसले आणि सेकंड शिफ्टला गेले. तो प्रश्न आमच्याकडे राहिला. आम्ही स्वतः बाहेरून आलेले. पण आम्ही वाड्यात राहत होतो, देवळाजवळ, म्हणून आम्हाला वाटले की गाव आमचे आणि ते गृहस्थ आलेले! पुढे एकदा चतुर्थीला समाधीच्या रांगेत ते दिसले, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, हातात दूर्वा. आम्ही रांगेत त्यांच्या मागे होतो.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे 'मिलिंदप्रश्न' आठवतो. नागसेन मिलिंद राजाला विचारतात, तुझा रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सगळे भाग सुटे करून ढीग घातला तर तो रथ का? मोटारी जुळवणाऱ्या गावाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सुट्या भागांना गाडी म्हणत नाहीत हे असेंब्लीवरचा माणूस जाणतो. तसेच समाधी म्हणजे चिंचवड नव्हे, चापेकर वाडा म्हणजे चिंचवड नव्हे, कारखाना म्हणजेही नव्हे. 'चिंचवड' हे नाव या सगळ्यांच्या आपसांतल्या संबंधाला आहे. मग तो संबंध कोणता, असे विचारणे भाग आहे.

आमच्या मते त्या संबंधाचे दोन पदर आहेत. पहिला सुखाचा आहे. हे गाव पहिल्यापासून आलेल्यांचे आहे. एका परंपरेनुसार मोरया गोसावींचे आईवडील बीदरकडून मोरगावी आले आणि मोरया गोसावी मोरगावाहून इकडे. म्हणजे ज्यांच्या नावाने गाव ओळखले जाते, तेच मुळी बाहेरगावचे! आजही भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते. ज्या गावाचा देव वर्षातून दोनदा आपल्या मूळ ठिकाणी जाऊन येतो, त्या गावाने दिवाळीला लातूर-नांदेडच्या गाड्यांना गर्दी करणाऱ्या कामगाराला 'परका' का म्हणावे? त्याचा आणि देवाचा वार्षिक कार्यक्रम एकच आहे. 'मूळ गाववाले' आणि 'बाहेरचे' हा वाद निवडणुकीच्या तोंडावर उफाळतो तेव्हा आम्हाला हे आठवते.

दुसरा पदर मात्र सुखाचा नाही. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाचे 'द देव्ज ऑफ चिंचवड' हे पुस्तक १९८९ मध्ये केंब्रिजने काढले. आमच्या मते चिंचवडवरच्या लेखनात त्याची जागा वेगळी आहे. हा माणूस देवाच्या अवताराकडे आश्चर्याने पाहत नाही आणि नाकही मुरडत नाही. तो सनदा आणि हिशेब वाचतो. देव घराणे आणि राज्यसत्ता यांचा संबंध इनामांतून कसा घडत गेला हे तो दाखवतो. पुस्तक रुक्ष आहे. वाचताना देवळातली घंटा एकदाही ऐकू येत नाही, ही त्याची मर्यादा. भक्ती ही हिशेबात न मावणारी गोष्ट आहे आणि हिशेब वाचणाऱ्याने हे विसरू नये. पण जे मूरने विचारले नाही, मारिया ग्रॅहमनी विचारले नाही आणि आपण भक्तीपोटी विचारले नाही, ते त्याने विचारले: वाड्यातले धान्य कुठून येते?

इनाम म्हणजे काय, हे तरुण श्रोत्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. राजा देवस्थानाला गाव इनाम देतो, म्हणजे त्या गावाच्या महसुलातला सरकारी वाटा देवस्थानाकडे वळवतो. शेतकरी पहिल्यासारखाच नांगरतो आणि पहिल्यासारखाच देतो, फक्त धान्य आणि पैसा जातो दुसऱ्या दारात. म्हणजे चिंचवडची अन्नछत्रे, उत्सव, पालखी, हे सारे दुसऱ्या गावांच्या शेतांवर उभे होते. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. त्या काळची ती रीतच होती आणि त्याच अन्नछत्रात भुकेलेही जेवले. पण ज्या गावांनी दिले, त्यांची नावे चिंचवडच्या गोष्टीत नाहीत, एवढे मात्र खरे.

आता चापेकरांचा वाडा आणि कारखान्याचा भोंगा यांच्यामधून नदी वाहते, तिच्याकडे या. पवना. समाधिमंदिर तिच्या पात्राला लागून आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की पाणी समाधीपर्यंत येते, बातम्यांत फोटो येतात, आपण ते एकमेकांना पाठवतो. उन्हाळ्यात कधी त्याच पात्रावर फेस तरंगतो, त्याचेही फोटो येतात. आणि वर्षभर आपण पितो ते पाणी मुख्यतः पवना धरणातून नदीत सोडलेले आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचललेले.

हे पाणी धरणापासून थेट बंद नळाने शहरात आणायची योजना झाली. नदीतून येणारे पाणी वाटेवरची शेतीही वापरते. नळात घातले तर आमचे काय, असा मावळच्या शेतकऱ्यांचा सवाल होता. ९ ऑगस्ट २०११. तारीख बघा, क्रांतिदिन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती.

मंडळी, त्या दिवशी चिंचवडमध्ये आम्ही काय केले? आम्ही सांगतो. संध्याकाळी बातम्या पाहिल्या, हळहळलो, आणि सकाळी नळाला पाणी आले तेव्हा भरून ठेवले. योजना पुढे कित्येक वर्षे स्थगित राहिली. पाणी एकदिवसाआड येऊ लागले तेव्हा आमच्याच सोसायटीत एक जण वैतागून म्हणाले, "त्या मावळवाल्यांमुळे!" बैठकीत कोणी काही बोलले नाही. आम्हीही नाही. पंचेचाळीस मिनिटांची व्याख्याने देणारे आम्ही, तिथे एक वाक्य बोललो नाही. आज इतके सविस्तर बोलतो आहोत त्याचे एक कारण हेही आहे.

आता वर सांगितलेली तीन वाचने पुन्हा बघा. देवस्थानाच्या काळात इनामगावांचे धान्य आले. कारखान्यांच्या काळात भोसरी-आकुर्डी-निगडीच्या जमिनी आल्या. आज मावळचे पाणी येते. काळ बदलले, देव आणि यंत्र यांच्या जागा बदलल्या, पण गाव आणि त्याच्या भोवतालचा मुलूख यांच्यातला व्यवहार तसाच राहिला. येणाऱ्या माणसाला जागा द्यायची, हा या गावाचा गुण आहे. येणाऱ्या वस्तूचा हिशेब ठेवायचा नाही, ही खोड आहे. आमच्या मते चिंचवडचा स्वभाव या दोन्हींत मिळून आहे. तीन वाचने वेगवेगळी ठेवली की खोड झाकली जाते आणि गुणसुद्धा नीट दिसत नाही.

कोणी म्हणेल, "सर, प्रत्येक शहर असेच असते. रोम, मुंबई, लंडन, सगळी भोवतालच्या मुलखावरच जगतात." हा आक्षेप बरोबर आहे. पण मुंबईने आपण देवाचे गाव आहोत असे कधी म्हटले नाही. चिंचवड म्हणते. अन्नछत्राची परंपरा सांगते, पालखीची सांगते. जे गाव कृतज्ञतेची भाषा बोलते, त्याला कृतज्ञतेचा हिशेब विचारायचा नाही तर कोणाला विचारायचा? आणि चाकणकडे बघा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानाच्या फौजेसमोर जवळजवळ दोन महिने लढवलेला संग्रामदुर्ग तिथे आहे. भोवती आता मोटारींचे कारखाने आहेत. आपण गेली पन्नास वर्षे ज्या वाटेने आलो, त्या वाटेवर चाकण आज आहे. तिथेही 'ओसाड माळ' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. किल्ल्याचे एक पुस्तक, उद्योगांची एक चित्रफीत आणि शेतकरी दोन्हींत नाही, असे तिथेही होऊ द्यायचे का, हे ठरवायला वेळ अजून गेलेली नाही.

मग करायचे काय? आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक, योजना आखणे आमचे काम नव्हे. पण वाचक म्हणून एक मागणी करता येते. यापुढे चिंचवडवर जे पुस्तक निघेल, जो फलक लागेल, शाळेच्या सहलीत जी माहिती सांगितली जाईल, तिच्यात तीन गोष्टी एकत्र याव्यात: कोण आले, काय घेतले, कोणाकडून घेतले. इनामगावांची नावे सनदांत आहेत. गेलेल्या जमिनींचे गट क्रमांक सरकारी कागदांत आहेत. नदीच्या वरच्या अंगाची गावे तर नकाशावरच आहेत. शाळेतली मुलेसुद्धा हे शोधू शकतील. चापेकर चौकात दोन मिनिटे थांबणारा मुलगा समाधीच्या घाटावर उभा राहून 'हे पाणी कुठून येते' असे विचारू लागला, तर त्याने गाव वाचायला सुरुवात केली असे आम्ही म्हणू.

त्या फिटर गृहस्थांना जाऊन आता काही वर्षे झाली. त्यांचा नातू चाकणला एका कारखान्यात आहे. मागच्या माघात पालखी निघाली तेव्हा तो रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे लाल. आम्ही विचारले, "अरे, झोपायचं सोडून इथं?" तो म्हणाला, "आजोबा न्यायचे सर, वेशीपर्यंत. तेवढं करतो आणि झोपतो." कुठली वेस, हे आम्ही त्याला विचारले नाही. वेस आता कुठे आहे हे आम्हालाही नीट सांगता येणार नाही.

वेळ झाली आहे. मावळच्या बाजूचे कोणी श्रोते ऐकत असतील तर प्रश्नोत्तरांत त्यांनी आधी बोलावे, अशी विनंती आहे. आमचे काही चुकले असेल तर तेही सांगावे.